आदेश न निघालेले साडेतीन तास

मुंबई बंदर, १४ एप्रिल १९४४ : एका जहाजाचा आणि एका कायद्याचा घटनाक्रम

मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाच्या आठवणी जुन्या मुंबईकरांच्या घरांत अजून निघतात. आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटा, शेडच्या छपरावर जाऊन आदळलेले जहाज, कोसांवर फुटलेल्या खिडक्या. या आठवणी खऱ्या आहेत. पण त्यांच्या गर्दीत एक प्रश्न मागे राहतो. बंदरात शिरलेल्या कोणत्याही जहाजाला ‘इथे थांब’, ‘तिथे नांगर टाक’, ‘आता हल’ असे फर्मावण्याचा अधिकार बंदराला होता. भारतीय बंदरे कायदा १९०८ पासून लागू होता, म्हणजे १९४४ साली त्याला छत्तीस वर्षे झाली होती. पहिला धूर दिसल्यापासून स्फोट होईपर्यंत साडेतीन तास मिळाले. धक्क्यावर अनुभवी, धाडसी माणसे हजर होती. तरीही जहाज जागेवरच राहिले आणि शहराचा एक भाग घेऊन गेले.

हे का झाले, ते त्या दिवसांकडे तासातासाने पाहिल्यावर कळते.

२४ फेब्रुवारी १९४४, बर्कनहेड

‘फोर्ट स्टिकीन’ हे ७,१४२ टनी मालवाहू जहाज इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघाले. १९४२ साली कॅनडातल्या प्रिन्स रूपर्ट येथे बांधलेले हे जहाज युद्धाच्या मालवाहतुकीसाठीच होते. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता : टॉर्पेडो, पाणसुरुंग, तोफगोळे, काडतुसे. त्यातला २३८ टन माल अतिसंवेदनशील ‘अ’ वर्गातला होता. सोबत स्पिटफायर विमाने होती आणि ३१ पेट्यांत भरलेले सोने होते. त्या काळच्या भावाने त्याची किंमत ८ लाख ९० हजार पौंड.

सुटताना जहाज धोकादायक होते, पण नियमात बसणारे होते. स्फोटके इतर ज्वालाग्राही मालापासून वेगळी ठेवली, तर ती जगभर हिंडू शकतात आणि हिंडतातही.

एप्रिलचा पहिला आठवडा, कराची

कराचीत काही माल उतरला आणि जागा मोकळी झाली. युद्धकाळात रिकामी जागा कुणी सोडत नसे. सिंध आणि पंजाबमधला कापूस रेल्वेने मुंबईला पाठवण्यावर बंदी होती, म्हणून व्यापाऱ्यांना समुद्राचाच रस्ता उरला होता. जहाजात कापसाच्या हजारो गासड्या चढल्या. त्यांच्यापाठोपाठ वंगणतेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, राळ आणि मासळीचे खत. कप्तान अलेक्झांडर जेम्स नाइस्मिथ यांनी या मिसळीबद्दल आपली नापसंती नोंदवली. तिचा उपयोग झाला नाही.

दुसऱ्या क्रमांकाच्या होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कप्प्यात, तळाला कापूस भरला गेला आणि त्याच्यावरच्या मजल्यावर ‘अ’ वर्गाची स्फोटके. कापसाची आग ज्याने पाहिली आहे त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ती वरून विझल्यासारखी दिसते आणि गासडीच्या पोटात तासन्‌तास धुमसत राहते.

माल चढत असताना ‘हे दोन पदार्थ एका होल्डमध्ये जाणार नाहीत’ असे निश्चयाने सांगणारे कुणीतरी कराचीच्या धक्क्यावर असते, तर पुढचे काहीच घडले नसते. जहाज बंदर सोडण्यापूर्वी त्याला अडवणे हा सर्वांत स्वस्त उपाय असतो. तो तिथे वापरला गेला नाही.

१२ एप्रिल, बुधवार, मुंबई

जहाज मुंबईला आले आणि व्हिक्टोरिया गोदीतल्या एक नंबरच्या धक्क्याला लागले.

युद्धापूर्वी असे होत नसे. स्फोटके घेऊन आलेल्या जहाजाने बाहेर समुद्रात नांगर टाकून थांबायचे आणि माल पडावांतून उतरवायचा, अशी रीत होती. दुर्घटना झालीच तर जहाज जावे, शहर वाचावे, हा तिच्यामागचा हिशेब. युद्ध आले, गोदीतली घाई वाढली, आणि दारूगोळ्याच्या जहाजांना थेट गोदीत घ्यायला सवलत मिळाली. दिवसा लाल निशाण फडकवून ‘माझ्या पोटात दारूगोळा आहे’ हे सांगण्याची रीतही ढिली पडली. ‘फोर्ट स्टिकीन’वर लाल निशाण चढले नाही. शेजारी उभ्या असलेल्या जहाजांना आपल्या बाजूला काय येऊन लागले आहे, याची खूण मिळाली नाही.

इथे कायदा काय म्हणत होता ते पाहायला हवे. १९०८ च्या कायद्याचे सहावे कलम सरकारला बंदरासाठी नियम करण्याची मुभा देत होते : जहाजांनी कधी यावे-जावे, कुठे नांगरावे, कोणत्या धक्क्याला लागावे, दिवे व आग कशी वापरावी, निशाणे कशी दाखवावीत. सातव्या कलमाने प्रत्येक बंदराला एक संरक्षक मिळत होता. इंग्रजीत त्याला कॉन्झर्व्हेटर म्हणतात. आठव्या कलमाने हा संरक्षक बंदरातल्या कोणत्याही जहाजाला त्या नियमांनुसार आदेश देऊ शकत होता. आदेश मोडला तर दंड, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जहाजाने ऐकले नाही तर ते काम स्वतः करवून घेण्याची सत्ता. कप्तान समुद्रावर आपल्या जहाजाचा राजा असतो. बंदराच्या हद्दीत आल्यावर त्याच्या वर कुणीतरी असते. हा या कायद्याचा कणा होता.

पण अधिकाराला धार येते ती नियमांनी. नियमालाच सवलत दिली, तर संरक्षकाच्या हातात अंमल करायला काही उरत नाही. बुधवारी जहाजाला आत घेणाऱ्यांनी कायदा मोडला नाही. कायद्याचा बांध आधीच युद्धाच्या निकडीने फोडलेला होता.

या सवलतीचा धोका जगाला ठाऊक नव्हता असेही नाही. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ‘मों ब्लां’ हे फ्रेंच दारूगोळावाहू जहाज दुसऱ्या जहाजाशी धडकले, पेटले आणि फुटले. जवळपास दोन हजार माणसे मेली. तिथेही युद्धापूर्वी अशा जहाजांना आतल्या बंदरात मज्जाव होता आणि तिथेही युद्धानेच तो उठवला होता. सव्वीस वर्षांनी मुंबईने तोच रस्ता धरला.

१३ एप्रिल, गुरुवार

माल उतरवायला सुरुवात झाली. आधी मासळीचे खत काढले गेले, कारण त्याचा वास सहन होत नव्हता. स्फोटके धक्क्यावर न टाकता पडावांत उतरवायची होती आणि पडाव उशिरा आले. जड भंगारासाठी मोठी क्रेन लागणार होती. अशा एकेका अडचणीत दिवस गेला. बंदरात सर्वांत आधी रिकामा व्हायला हवा होता तो माल होल्डमध्येच राहिला.

स्फोटकांच्या जहाजाला गोदीत घेण्याची सवलत द्यायचीच, तर सोबत एक अट हवी होती : अमुक तासांत दारूगोळा बाहेर, नाहीतर जहाज बाहेर. अशी घड्याळाला बांधलेली अट असती, तर शुक्रवारची दुपार वेगळी गेली असती.

१४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १२.३०

जेवणाची सुट्टी झाली. टोळ्या होल्डमधून वर आल्या. याच सुमारास शेजारच्या जहाजांवरच्या काही जणांना ‘फोर्ट स्टिकीन’च्या व्हेंटिलेटरमधून धुराची बारीक रेघ दिसली. त्यांनी ती पाहिली आणि सोडून दिली. दुसऱ्याच्या जहाजावर धूर दिसणे गोदीत नवलाचे नव्हते, आणि हे जहाज कशाने भरले आहे ते सांगणारे लाल निशाणही डोळ्यांसमोर नव्हते. निशाण असते, तर ती रेघ पाहणारा माणूस ओरडत धावला असता.

दुपारी १.४५

जेवून परतलेल्या कामगारांना दोन नंबरच्या होल्डमधून धूर येताना दिसला. आग नेमकी कशाने लागली, याचा पुराव्यानिशी निकाल कधीच लागला नाही. चौकशी आयोगाने घातपाताचा संशय बाजूला ठेवला. निष्काळजीपणे केलेले धूम्रपान हेच संभाव्य कारण मानले गेले.

जहाजावरचे पाइप सुरू झाले. धक्क्यावर उभ्या असलेल्या बंबाची माणसे वर आली. अग्निशमन दलाला कळवायला एकजण धावला. कळवायचा होता तो ‘नंबर दोन’चा निरोप, म्हणजे आग मोठी आहे आणि जास्त बंब पाठवा. त्याला सापडलेल्या फोनला डायलच नव्हते. मग त्याने जवळच्या आगसूचक पेटीची काच फोडली. त्या पेटीला फक्त एवढेच सांगता येत होते, की कुठेतरी आग आहे.

दुपारी २.१६

घंटा वाजली आणि दोन बंब निघाले. १,४०० टन दारूगोळ्याच्या जहाजाला लागलेल्या आगीसाठी शहराचे पहिले उत्तर हे दोन बंब होते. त्यांच्यावरच्या माणसांना आपण कशाच्या तोंडी चाललो आहोत हे ठाऊक नव्हते. ठाऊक झाल्यावरही ते हटले नाहीत.

बंदरे कायद्यात आगीसाठी स्वतंत्र कलमे होती. सोळाव्या कलमानुसार आग विझवण्यासाठी बंदराचा संरक्षक बंदरातल्या कोणत्याही जहाजाच्या कप्तानाकडे त्याच्या तीनचतुर्थांशपर्यंत खलाशी मागू शकत होता. पंधराव्या कलमानुसार तो आणि त्याचे सहकारी जहाजावर चढू शकत होते. अठ्ठाविसाव्या कलमानुसार आग विझवण्यात जाणूनबुजून कसूर करणारा किंवा बंदराच्या अधिकाऱ्याला अडवणारा कप्तान शिक्षेला पात्र ठरत होता. आजूबाजूची कलमे वाचत गेले की कायदा कोणत्या जगासाठी लिहिला होता ते दिसते. जहाजावर डांबर उकळू नये, उघड्या दिव्याच्या उजेडात दारू काढू नये, बंदरात बंदुकीचे बार काढू नयेत. ही सगळी लाकडी गलबतांच्या काळातली भीती आहे. १९०८ च्या कायद्याला आग ठाऊक होती, पण एका जहाजाच्या पोटात अख्खी गोदी उडवणारा दारूगोळा असू शकतो, हे त्याच्या कल्पनेत नव्हते.

दुपारी २.३० नंतर

लष्कराच्या दारूगोळा विभागाचे कॅप्टन ब्रिनली ओबर्स्ट जहाजावर आले. त्यांनी मालाचा नकाशा मागितला, पाहिला, आणि सगळी गोदी उडू शकते असे स्पष्ट सांगितले. त्यांचे मत होते : जहाज आहे तिथेच बुडवा.

अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स आले. आणखी बंब आले, पाण्याच्या नळ्या वाढत गेल्या. त्यांना वाटत होते, पाण्याच्या जोरावर आग आटोक्यात येईल.

गोदीचे जनरल मॅनेजर कर्नल सॅडलर आले. ते बंदराचे माणूस होते. त्यांची पहिली चिंता गोदी आणि तिच्यातली इतर जहाजे, म्हणून त्यांचे मत पडले : हे जहाज बाहेर खोल समुद्रात न्या.

तीन माणसे, तीन मते. प्रत्येक मत आपापल्या खात्याच्या जागी बरोबर होते. बुडवण्याला आक्षेप असा, की गोदीतल्या पाण्याची खोली बेताची. जहाज तळाला टेकेल, पण वरचा होल्ड पुरता पाण्याखाली जाईलच असे नाही. बाहेर नेण्याला आक्षेप असा, की जहाज स्वतःच्या इंजिनावर लगेच निघण्याच्या स्थितीत नव्हते. टग आणाव्या लागणार, बंदिस्त गोदीच्या दारातून ओढून काढावे लागणार, आणि या खटाटोपात आग विझवण्याचे काम थांबणार. पाणी मारत राहण्याला कुणाचा आक्षेप नव्हता, कारण ते काम चालूच होते.

म्हणून तेच चालू राहिले.

ज्या जागी तीन मते असतात, तिथे चौथ्याने निर्णय घ्यायचा असतो. तो चौथा कोण? कप्तान नाइस्मिथ यांच्यासमोर लष्कर एक सांगत होते, बंदर दुसरे, अग्निशमन दल तिसरे. जहाज ब्रिटिश सरकारच्या युद्धवाहतूक खात्याच्या ताब्यात होते. सल्ले सगळ्यांनी दिले. कायद्याच्या आधाराने, ‘मी सांगतो म्हणून’ असे म्हणून आदेश कुणीच दिला नाही. आठवे कलम त्या दुपारी पुस्तकात जिवंत होते आणि धक्क्यावर त्याचे नाव घेणारे कुणी नव्हते.

दुपारी ३ च्या सुमारास

जहाजाच्या डाव्या अंगाच्या पत्र्यावर एका जागी रंग फुगून सोलू लागला. आग नेमकी कुठे आहे ते आता पत्राच सांगत होता. तिथे भोक पाडून आत थेट पाणी सोडायचे ठरले. त्यासाठी गॅसचा कटर हवा होता. कटर वेळेत कामाला आला नाही.

वरून पाण्याचा मारा अखंड चालू होता. ९०० टनांहून अधिक पाणी होल्डमध्ये गेले. पाणी चढले तशा जळत्या गासड्या तरंगून वर येऊ लागल्या आणि आग त्यांच्याबरोबर स्फोटकांच्या मजल्याकडे सरकू लागली. आग विझवण्यासाठी चाललेली मेहनतच आता आगीला वर उचलत होती. घाम गाळून पाणी मारणाऱ्या जवानांना हे दिसणे शक्य नव्हते. ते पाहण्यासाठी बाजूला उभा राहून संपूर्ण जहाजाचा विचार करणारा एक माणूस लागतो.

या वेळी धक्क्यावर आणि इतर जहाजांवर काम चालूच होते. बघ्यांचीही गर्दी जमली होती. व्हिक्टोरिया आणि शेजारच्या प्रिन्सेस गोदीत जहाजे दाटीने उभी होती. गोदी रिकामी करा, जहाजांवरची माणसे उतरवा, मशीद बंदराकडच्या वस्त्यांना हलवा, अशी सूचना गेली नाही. हा इशारा द्यायला कटर लागत नव्हता, टग लागत नव्हती, तीन खात्यांचे एकमत लागत नव्हते. त्या साडेतीन तासांत निघू शकणारा सर्वांत सोपा आदेश तोच होता, आणि त्यानेच सर्वांत जास्त जीव वाचले असते.

दुपारी ३.५०

ज्वाळा होल्डबाहेर झेपावल्या. जहाज सोडण्याचा आदेश झाला. दिवसभरात निर्विवादपणे दिला गेलेला हा एकच आदेश, आणि तो कप्तानाचा होता. माणसे उड्या टाकून धक्क्यावर आली. वर कुणी राहिले नाही ना, हे पाहण्यासाठी नाइस्मिथ पुन्हा जहाजावर गेले. अग्निशमन दलाचे जवान धक्क्यावरून पाणी मारतच राहिले.

दुपारी ४.०६

पहिला स्फोट. जहाजाचे दोन तुकडे झाले. कप्तान नाइस्मिथ आणि पहिले अधिकारी हेंडरसन धक्क्यावरच गेले. बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर नोंद झाली आणि दूर शिमल्यालाही हादरा उमटला. सिंदिया कंपनीचे सुमारे चार हजार टनी ‘जलपद्मा’ हे जहाज पाण्यातून उचलले गेले आणि त्याचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडच्या छपरावर आदळला. जळत्या गासड्या आणि तापलेले पत्रे वस्त्यांवर, वखारींवर, धान्याच्या गोदामांवर कोसळले. सोन्याची एक वीट जवळपास दीड किलोमीटरवर एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून शिरली. त्यांनी ती सरकारला परत केली.

दुपारी ४.३४

दुसरा स्फोट. मागच्या होल्डमधला दारूगोळा उडाला. पहिल्या स्फोटानंतर जखमींना उचलायला आणि नव्या आगी विझवायला धावून आलेली माणसे याच्या तावडीत सापडली.

अग्निशमन दलाचे ६६ जण कामावर असताना गेले. मरण पावलेल्यांची एकूण संख्या आठशेहून अधिक मानली जाते, काही अंदाज तेराशेच्या आसपास जातात. अकरा जहाजे बुडाली किंवा बुडण्याच्या बेतात होती. ८०,००० माणसे बेघर झाली. धान्याची कोठारे जळाली, आणि हे बंगालच्या दुष्काळाच्या पाठोपाठच्या वर्षात. गोदीत ओझी वाहणारे, मशीद बंदर-मांडवीच्या बाजारात हमाली करणारे कोकणातले आणि घाटावरचे चाकरमाने यांत किती होते, याची नीट मोजदाद कुठे लागत नाही.

पुढचे दिवस

आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले. ढिगारा उपसायला आठ हजार माणसे सात महिने राबत होती. त्यांनी सुमारे पाच लाख टन मलबा हलवला. बातमीवर युद्धकालीन सेन्सॉरची मोहोर होती. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने १५ एप्रिललाच ही बातमी जगाला दिली. मुंबईच्या जखमेची बातमी छापायला परवानगी मिळाली ती मे महिन्यात.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लेनर्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. स्फोटकांच्या खाली-वर कापूस भरणे, युद्धामुळे दारूगोळ्याची जहाजे गोदीत आणण्याचा पत्करलेला धोका, आगीचे गांभीर्य वेळेत न ओळखणे, आणि हाताशी असलेले उपाय जोमाने न वापरणे, अशी कारणे पुढे आली.

ही सगळी कारणे एका धाग्यात येतात. प्रत्येक टप्प्यावर कुणाच्या तरी हातात अधिकार होता. कराचीत माल नाकारण्याचा, मुंबईत जहाज बाहेर ठेवण्याचा, गुरुवारी मुदत घालण्याचा, शुक्रवारी जहाज हलवण्याचा, बुडवण्याचा, निदान गोदी रिकामी करण्याचा. तो इतक्या हातांत वाटला गेला होता की कुणाच्याच मुठीत राहिला नाही.

आज

स्फोटके आणि ज्वालाग्राही मालाची एकत्र साठवण रोखण्यासाठी आज आंतरराष्ट्रीय संहिता आहे. १९६५ साली ती स्वीकारली गेली. कोणता माल कोणत्या मालापासून किती लांब ठेवायचा आणि जहाज येण्याआधी बंदराला काय कळवायचे, हे तिने ठरवून दिले. भारतातल्या मोठ्या बंदरांत उपसंरक्षक आणि हार्बर मास्टर जहाजांची ये-जा ठरवतात. २०२१ साली मोठ्या बंदरांसाठीचा नवा कायदा लागू झाला आणि २०२५ साली संसदेने १९०८ च्या कायद्याची जागा घेणारा भारतीय बंदरे कायदा मंजूर केला. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पुढचा आठवडा शाळा-कारखान्यांत कवायती होतात.

एवढे झाल्यावर प्रश्न सुटला असे वाटू शकते. बैरूत त्याला उत्तर देते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘ऱ्होसस’ नावाचे जहाज २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन बैरूतला आले. समुद्रप्रवासाला अयोग्य ठरवून बंदराने त्याला अडवले. हा बंदराचा अधिकार होता आणि तो वापरला गेला. माल उतरवून बारा नंबरच्या गोदामात ठेवला गेला. पुढे काय करायचे, यावर कस्टमने न्यायालयाला पत्रे लिहिली आणि निर्णय कुणीच घेतला नाही. ४ ऑगस्ट २०२० रोजी तो माल फुटला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. मुंबईत अधिकार साडेतीन तास पडून राहिला. बैरूतमध्ये सहा वर्षे.

म्हणून कायद्याच्या पुस्तकात अधिकार आहे का, एवढे विचारून भागत नाही. तीन गोष्टी विचारायला हव्यात.

पहिली, आणीबाणीच्या क्षणी निर्णय घेणारा माणूस कोण, त्याचे पद काय, तो नसेल तर त्याच्या जागी कोण, हे आगीच्या आधी ठरलेले आहे का? लष्कर, नौदल, अग्निशमन आणि जहाजाचा मालक यांनी त्याला सल्ला द्यायचा; शेवटचा शब्द त्याचा. ही साखळी कागदावर असून चालत नाही, ती दरवर्षी धक्क्यावर कवायतीत उतरवावी लागते.

दुसरी, नियमाला सवलत देताना ती कुणाच्या सहीने, किती तासांसाठी आणि कोणत्या अटीवर, याची नोंद होते का? १९४४ साली सवलत हाच नियम होऊन बसला. युद्ध, निर्यातीची घाई, धक्क्यावरची रांग, अशी कारणे पुढेही येतील. कारण कितीही मोठे असले, तरी सवलतीला तारीख आणि वेळ हवी.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. समजा नाइस्मिथ यांनी तीन वाजता जहाज बुडवले असते आणि शहर वाचले असते. मग काय दिसले असते? युद्धाच्या ऐन भरात कोट्यवधींचा दारूगोळा आणि सोने पाण्यात घालणारा एक कप्तान. टळलेला स्फोट कुणालाच दिसला नसता. योग्य आदेशाची किंमत नेहमी डोळ्यांसमोर असते आणि त्याचा लाभ कुणाला मोजता येत नाही. अधिकार हातात असूनही माणसे कचरतात ती इथे. म्हणून जो अधिकारी सद्भावनेने, हाती असलेल्या माहितीवर, जहाज हलवण्याचा, बुडवण्याचा किंवा बंदर रिकामे करण्याचा आदेश देतो, त्याच्या पाठीशी कायद्याने निःसंदिग्धपणे उभे राहिले पाहिजे, नंतर तो आदेश गरजेपेक्षा मोठा ठरला तरीही. न दिलेल्या आदेशाची चौकशी जितकी कठोर, तितकेच दिलेल्या आदेशाला संरक्षण पक्के हवे.

हे संरक्षण ज्या बंदरात नाही, तिथे संरक्षक फक्त पदाच्या नावात उरतो. व्हिक्टोरिया गोदीत गेलेल्या ६६ जवानांना आपण दरवर्षी मानवंदना देतो. पुढच्या वेळी तसे जवान पाठवण्याआधी जहाज अडवणारा, हलवणारा, गोदी रिकामी करणारा आदेश निघेल याची तजवीज करणे, हे त्यांचे आपल्यावरचे खरे देणे आहे.